अद्भुतकथेची मालिका लिहायची आहे? आधी घाट, मग राजा

माझ्या मालिकेच्या पहिल्या भागात सावळी नदी पूर्वेला वाहत होती. दुसऱ्या भागात ती पश्चिमेला वाहू लागली. हे मला, दोन मुद्रितशोधकांना आणि घरातल्या कुणालाच दिसलं नाही. दिसलं ते नांदेडच्या एका वाचकाला. त्याचं पोस्टकार्ड आलं, त्यावर एकच ओळ होती: "आपली नदी मागे का फिरली?"

स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या हिमतीवर मराठीत अद्भुतकथांची मालिका काढणाऱ्यांसाठी हा लेख आहे. तीन भाग काढून मला जे कळलं ते क्रमाने सांगतो. सगळं माझ्यासारखंच करायला हवं असं नाही. नदीचं तर मुळीच करू नका.

पहिली पायरी: नकाशा बाजूला ठेवा, एक घाट घ्या

नवा लेखक पहिल्यांदा नकाशा काढतो. सात राज्यं, सात निशाणं, तीन हजार वर्षांची वंशावळ. दोनशेपानी वही भरते आणि गोष्टीचं पहिलं वाक्य तसंच राहतं. माझं या उद्योगात दीड वर्ष गेलं. वंशावळीतला एकही राजा पुढे कथेत आला नाही.

त्यापेक्षा अशी एकच जागा निवडा, जिथे सगळ्यांना यावंच लागतं. घाट, बंदर, नदीवरचा होडीचा धक्का, आठवडे बाजार. नमुना म्हणून नाणेघाट डोळ्यांसमोर आणा. खाली कोकण, वर जुन्नर. सातवाहनांच्या काळापासूनची वाट. गुहेत ब्राह्मी लेख आणि वर घाटमाथ्यावर दगडी रांजण, ज्यात व्यापारी जकातीची नाणी टाकत असं सांगतात. आता चार प्रश्न विचारा. वर काय चढतं? खाली काय उतरतं? मध्ये पैसे कोण घेतं? आणि ते चुकवतं कोण? मीठ वर चढतं, धान्य खाली उतरतं, बैलांचे तांडे चालतात, आणि रात्री आडवाटेने कुणीतरी निसटतं. एवढ्यात निम्मी गोष्ट हाताला लागते.

घाटामुळे हवामानही फुकटात मिळतं. सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि पूर्वेला शंभरेक किलोमीटरवरच्या माण-खटावात पाचशेच्या आसपास पडला तरी लोक समाधानी असतात. डोंगर एकच, पण एका अंगाला भात आणि उतरती कौलं, दुसऱ्या अंगाला बाजरी आणि धाब्याची घरं. एका बाजूची आजी पुराची गोष्ट सांगते, दुसरीकडची दुष्काळाची. दोघींचे देव वेगळे, शिव्या वेगळ्या. तुमच्या जगात डोंगर कुठे आहे आणि वारा कुठून येतो एवढं ठरलं की अर्धी संस्कृती आपोआप ठरते.

दुसरी पायरी: जादूची जकात ठरवा

त्या रांजणात आता एक बदल करू. समजा, घाट ओलांडायचा तर नाणं टाकायचं नाही, एक आठवण टाकायची. टाकली की ती तुमची उरली नाही.

आता हिशेब करत जा. श्रीमंत व्यापारी स्वतःची आठवण कशाला देईल? तो माल पोचवायला म्हातारी माणसं मजुरीवर ठेवेल, कारण त्यांच्याकडे साठा मोठा. घाटाखाली अशा म्हाताऱ्यांची वस्ती होईल. रोज सकाळी त्यांना एकमेकांची नावं सांगणारी एक पोर लागेल. काही जण मुद्दाम वाईट आठवणीच विकतील आणि वर जाताना हलके होत जातील. वर्षानुवर्षं लोकांची दुःखं भरलेला तो रांजण राखणारा नाकेदार रात्री काय ऐकत असेल? आणि सुनेने सासूला "जाऊन या ना एकदा घाटावर" असं म्हटलं, तर त्या साध्या वाक्याला केवढी धार येते पाहा.

एका नियमातून धंदा, वस्ती, गुन्हा आणि घरातलं भांडण निघालं. जादू कशी चालते याची शंभर पानी नियमावली वाचकाला नको असते. तिची किंमत कोण मोजतो हे मात्र त्याला पहिल्या वीस पानांत कळायला हवं. आणि एकदा ठरलेली जकात नायकासाठी माफ करायची नाही. शेवटच्या प्रकरणात नायक फुकटात घाट ओलांडून गेला, तर वाचक पुढचा भाग विकत घेत नाही.

तिसरी पायरी: चाल, वेळ, जेवण

सैन्याने एका रात्रीत किती अंतर कापायचं? आपल्याकडे मापाला वारी आहे. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर, आणि माउलींची पालखी मुक्काम करत करत अडीच आठवड्यांच्या आसपास घेते. मोठा जमाव, सामान, स्वयंपाक, पाऊस हे सगळं धरून आलेला हा वेग आहे. बैलांचा लदलेला तांडाही याहून फार वेगाने जात नाही. तुमचा सेनापती दहा हजार माणसं घेऊन तीन दिवसांत चारशे किलोमीटर गेला असेल, तर त्याला पंख तरी द्या.

वेळेसाठी मिनिटं-सेकंद वापरू नका. प्रहर तीन तासांचा, घटका चोवीस मिनिटांची, दिवसरात्रीच्या घटका साठ. धान्याला शेर, पायली, मण, खंडी आहेत. आजीच्या तोंडी "दोन पायल्या जोंधळे" आले की वाचकाला वेगळं वर्णन लागत नाही.

ताटात काय वाढता तेही पाहा. जग बाराव्या शतकासारखं असेल आणि वाटेवरच्या धर्मशाळेत ठेचा-भाकरी मिळत असेल, तर मिरची आली कुठून? मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, काजू हे सगळं अमेरिका खंडातून, पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे पोचलं. त्याआधी तिखटपणा मिरी, सुंठ, पिंपळी यांचा. जग तुमचं आहे, मिरची खुशाल ठेवा, पण ती कुठल्या बंदरात उतरते ते ठाऊक असू द्या. चंद्राचंही तेच. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. मध्यरात्री डोंगराआडून पूर्ण चंद्र वर येताना मी स्वतः छापलेला आहे.

चौथी पायरी: नावं मराठीत वाकवून पाहा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. परक्या मालिका वाचून आपण नावं ठेवतो आणि मग वाक्यात अडकतो. मराठीत नाव नुसतं उभं राहत नाही, त्याला प्रत्यय लागतो. म्हणून प्रत्येक नाव ने, ला, चा, च्यासाठी लावून मोठ्याने म्हणा. तारुख: तारुखाने, तारुखाला, तारुखाचा. छान वाकतं. आता क्षिओ: क्षिओने, क्षिओला, क्षिओच्यासाठी. हे वाचताना शिंक आल्यासारखं वाटतं, आणि तुम्हाला ते नाव तीन भागांत दोन हजार वेळा लिहायचं आहे.

गावांच्या नावांना व्याकरण द्या. कोकणात वली येते (कणकवली, बोरिवली), घाटावर खेड, वाडी. मोठ्या आणि धाकट्या गावाला बुद्रुक आणि खुर्द. तुमच्या जगातही असे दोन-चार शेवट ठरवले की नकाशा न पाहता वाचक ओळखतो, हे गाव डोंगराच्या कुठल्या अंगाचं. मी डोंगराखालच्या गावांना "-णी" आणि वरच्यांना "-खळ" लावलं. एका वाचिकेने हे नियम न सांगता ओळखले तेव्हा मी दिवसभर हवेत होतो.

मग लिंग. कल्पनेतल्या प्राण्याचं नाव घेतल्याबरोबर तो, ती की ते हे ठरवावंच लागतं. वाघ तो, घार ती, माकड ते. पहिल्या प्रकरणात "तो" असलेला पक्षी पाचव्यात "ती" होतो, आणि हे हमखास होतं.

मोठी पंचाईत रहस्याची. बुरखाधारी घोडेस्वार खरं तर राजकन्या आहे, पण "आला" की "आली" लिहिताच बिंग फुटतं. यातून वाट आपल्याच व्याकरणात आहे. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्माप्रमाणे चालतो. "घोडेस्वाराने लगाम ओढला, उडी मारली, दार ठोठावलं." लगाम पुल्लिंगी, उडी स्त्रीलिंगी, दार नपुंसकलिंगी, आणि घोडेस्वार कोण ते अजून झाकलेलंच. प्रथमपुरुषी निवेदनातही तसंच: "मी आलो" लिहिलं की कळतं, "मी दार उघडलं" लिहिलं की कळत नाही. मी अख्खं एक प्रकरण असं लिहिलं. घाम फुटला, पण मजा आली.

राजकीय भाषेसाठी आपल्याकडे तयार खजिना आहे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर रघुनाथपंतांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश झाला, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा. अष्टप्रधानांची नावंही दोन्हीकडून आहेत: मुजुमदार आणि अमात्य, सुरनीस आणि सचिव, डबीर आणि सुमंत, सरनौबत आणि सेनापती. आता एका राज्याला पहिली रांग द्या, शेजारच्याला दुसरी. एकाही ओळीचा खुलासा न करता दोन दरबार वेगळे वाटू लागतात. एखादा सुरनीस पळून पलीकडे गेला आणि तिथे त्याला "सचिव" म्हणू लागले, तर त्याचं काय काय हरवलं हे त्या एका शब्दात येतं.

कोण कुणाला अरे-तुरे करतं, कोण "अहो" म्हणतं आणि ते कधी बदलतं हेही टिपून ठेवा. दोन शत्रू "आपण"वरून "तू"वर आले की तलवारी निघाल्याच. आणि निवेदनात "केले" लिहिणार की "केलं", हे पहिल्या दिवशी ठरवा. तिसऱ्या भागात विचार बदलला तर पहिले दोन भाग परक्याचे वाटतात.

पाचवी पायरी: वही

एक वही किंवा संगणकावरचा तक्ता करा. त्यात नाव, लिंग, वय, कुणाला काय ठाऊक आहे, कुठल्या हाताला जखम, घोड्याचा रंग, नदीची दिशा. शेवटच्या दोन शब्दांखाली मी आता लाल रेघ मारतो. प्रकरण संपलं की त्याच दिवशी वही भरायची. "नंतर सगळं एकदम भरू" असं म्हणणाऱ्याची वही कोरीच राहते.

सहावी पायरी: किती भाग, किती पानं

तीन. सात भागांची घोषणा करू नका. पहिल्या भागाची गोष्ट पहिल्या भागात संपली पाहिजे, मागे एक दार उघडं ठेवून. साठ-पासष्ट हजार शब्द म्हणजे डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकारात साधारण अडीचशे पानं. नवख्या लेखकाचं याहून जाड पुस्तक वाचक हातात घेऊन परत ठेवतो.

दुसऱ्या भागाचा कच्चा खर्डा पुरा झाल्याशिवाय पहिला छापायला देऊ नका. दुसरा लिहिताना पहिल्यातलं काहीतरी बदलावं लागतंच, आणि छापलेलं बदलता येत नाही. मी थांबलो नाही, म्हणून नदी फिरली.

मधल्या काळात त्याच जगातली एखादी सुटी कथा लिहून दिवाळी अंकांना पाठवा. त्यांचं साहित्य पावसाळ्यातच ठरत जातं, त्यामुळे गणपतीनंतर जागं होऊन उपयोग नाही. प्रतिलिपीसारख्या ऑनलाइन मंचावर प्रकरणं टाकून लोक कुठे वाचायचं सोडतात हेही कळतं. तिथल्या "मस्त, पुढचा भाग लवकर टाका"वर विसंबू नका. सोडून गेलेल्यांकडून जास्त शिकायला मिळतं.

सातवी पायरी: छपाईच्या आधीचे कागद

लिहिल्याबरोबर स्वामित्वहक्क (कॉपीराइट) तुमचाच असतो. भारतात तो लेखकाच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं चालतो. नोंदणी ऐच्छिक आहे, वाद झाला तर पुरावा म्हणून कामाला येते.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर लेखक स्वतः प्रकाशक म्हणून अर्ज करू शकतो. त्यासाठी कुणी हजारो रुपये मागत असेल तर नमस्कार करून उठा. प्रत्येक भागाला वेगळा क्रमांक लागतो, आणि ई-पुस्तकाला छापील पुस्तकाचा चालत नाही.

मुद्रितशोधनावर पैसे वाचवू नका. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम पाळणारा माणूस शोधा आणि त्याच्या हातात तुमची नावांची यादी द्या. नाहीतर तो तुमच्या कल्पित गावांचंही शुद्धलेखन करून ठेवतो.

आठवी पायरी: छापखाना

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर तसाच उघडणाऱ्या अक्षरसंकेतात, टाइप करा. फाँट निवडताना मराठी वळणाचे ल आणि श आहेत का ते पाहा, तिरो देवनागरी मराठी हा फुकट मिळणारा फाँट त्याच वळणाचा आहे. पुष्कळ छापखान्यांत अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात मांडणी होते. मजकूर तिकडे नेताना काही जोडाक्षरं बदलतात. माझ्या पहिल्या आवृत्तीत अर्धा ऱ गेला आणि रफार आला. मी लिहिलं होतं, "सैन्य दऱ्यांमध्ये लपलं." छापलं गेलं, "सैन्य दर्यांमध्ये लपलं." डोंगरी फौज समुद्रात बुडाली, तीही तीनशे प्रतींत. चूक छापखान्याची म्हणावी, तर अंतिम प्रुफावर सही माझीच होती. म्हणून मांडणी झालेल्या पानांवर ऱ्या, ऱ्ह, क्ष, ज्ञ, ॲ एवढी अक्षरं वेगळी शोधा.

पानांची संख्या सोळाच्या पटीत बसवा, म्हणजे फॉर्म (एकदम छापला जाणारा सोळा पानांचा मोठा कागद) वाया जात नाही. तिन्ही भागांचा आकार, कागद आणि कण्यावरच्या अक्षरांची उंची पहिल्यांदाच ठरवून लिहून ठेवा. कपाटात शेजारी उभे राहिल्यावर ते भाऊ वाटले पाहिजेत. मुखपृष्ठ चित्रकाराकडून करून घेणार असाल तर तिन्ही भागांबद्दल एकदम बोला आणि वापराचे हक्क लेखी घ्या.

प्रती कमी काढा. मागणीनुसार एकेक प्रत छापून देणाऱ्या सेवा आहेत. त्यांत प्रत महाग पडते, पण दिवाणाखाली गठ्ठे साठत नाहीत. ऑफसेटवर, म्हणजे एकदम पुष्कळ प्रती छापायला, जायचं असेल तर आधी हिशेब मांडा. समजा किंमत ३५० रुपये. वितरक चाळीस-पन्नास टक्के कमिशन मागतो. ४५ टक्के धरले तर तुमच्या हाती १९२ रुपये ५० पैसे. छपाई प्रतीमागे ११० पडली तर उरले ८२ रुपये ५० पैसे, आणि त्यातून चित्रकार, मुद्रितशोधक, टपाल जायचं आहे. तेही पुस्तक विकलं गेल्यावर, सहा महिन्यांनी, चार फोननंतर. अप्पा बळवंत चौकातल्या काउंटरवर पुस्तक दिसण्याचा आनंद वेगळाच, पण पहिल्या दोनशे प्रती तुम्ही स्वतःच विकणार आहात हे धरून चाला.

पुस्तक निघाल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत, आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत आपल्या खर्चाने पाठवायची असते. बहुतेक नवे लेखक-प्रकाशक हे विसरतात.

नववी पायरी: ई-पुस्तक

किंडलवर मराठी चालतं. भारतातल्या विक्रीवर सत्तर टक्के रॉयल्टी हवी असेल तर पुस्तक त्यांच्या सिलेक्ट योजनेत घालावं लागतं, नाहीतर पस्तीस टक्के. सिलेक्टमध्ये नव्वद दिवसांच्या मुदतीत तोच मजकूर डिजिटल स्वरूपात दुसरीकडे ठेवता येत नाही. म्हणजे प्रतिलिपीवर टाकलेली प्रकरणं आधी काढा, मग सिलेक्टची खूण करा. छापील पुस्तकाला ही अट नाही. बोस्टनच्या किंवा दुबईच्या मराठी वाचकापर्यंत छापील प्रत टपालाने पाठवण्यापेक्षा ई-पुस्तक स्वस्तात पोचतं, म्हणून पहिला भाग तिथे कमी किमतीत ठेवा आणि शेवटच्या पानावर दुसऱ्याचं नाव द्या. तारीख देऊ नका. मी दिली होती, आणि चौदा महिने लोकांना तोंड चुकवत फिरलो.

आता राहिली सावळी नदी. पहिला भाग लोकांच्या घरी गेलेला, दुसराही गेलेला. तेव्हा तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला मी दोन्ही भागांच्या मधला एक भूकंप घातला, ज्यात नदीने पात्र फिरवलं. मग त्या नदीवर नाव चालवणाऱ्या म्हाताऱ्याचं काय झालं हे पाहणं आलं. त्याची नाव कोरड्या वाळूत उभी, आणि तो रोज सकाळी येऊन तिला डांबर फासतो. तो तिसऱ्या भागाची साठ पानं खाऊन बसला. नांदेडच्या वाचकाला मी ती प्रत पाठवली. दुसरं पोस्टकार्ड आलं: "नाव फुटू देऊ नका."

चौथा भाग आता लिहितोय. तीनच म्हणालो होतो, ठाऊक आहे.